अमेरिकेतली ओव्याची पुरचुंडी

माझे वडील साताऱ्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि उरलेल्या वेळात जगाच्या चुका काढायचे. घरी लग्नपत्रिका आली की आधी लाल पेन्सिल निघायची, मग आहेराचा विचार व्हायचा. एकदा त्यांनी दुरुस्त केलेली पत्रिका यजमानांना परत पाठवली होती. त्या लग्नाच्या पंगतीत आम्हाला दुसऱ्यांदा जिलबी कोणी विचारली नाही, याचं त्यांना पुढे कित्येक वर्षं नवल वाटत होतं.

अशा माणसाने आयुष्यात एकच पुस्तक केलं: एका थोर अमेरिकन कादंबरीकाराच्या सर्वांत गाजलेल्या कादंबरीचं मराठी भाषांतर. त्या कादंबरीकाराचं नाव मी सांगणार नाही, वडिलांचंही नाही. नावं आली की आमच्या नातेवाइकांचे फोन येतात, आणि आठवण माझी असली तरी ती कशी चुकीची आहे हे त्यांनाच जास्त माहीत असतं.

कादंबरीची गोष्ट छोटीशी आहे. बर्फात अडकलेल्या एका आडगावच्या रेल्वे स्टेशनावर सिग्नल सांभाळणारा माणूस, त्याची बायको आणि त्यांची आठ महिन्यांची मुलगी. तीनशे पानं बर्फ पडतो, मुलीला खोकला होतो, डॉक्टरला आणणारी गाडी काही येत नाही आणि अगदी शेवटच्या ओळीत खोकला थांबतो. मुलगी गेली, असं लेखक म्हणत नाही. खाली नुसता कोरा कागद. त्या एका ओळीवर तो माणूस जगभर मोठा झाला.

बाबांनी त्याला पत्र लिहून परवानगी मागितली होती. उत्तर आलं ते टाइप केलेल्या तीन ओळींचं. भाषांतर करा, मला प्रत पाठवू नका आणि शेवटच्या पानाला हात लावू नका. हे पत्र चौकटीत घालून बाबांनी बाहेरच्या खोलीत गणपतीच्या तसबिरीशेजारी लावलं होतं. उदबत्ती दोघांत मिळून एकच. घरी आलेला माणूस दूधवाला असो की व्याही, चहाच्या आधी त्याला ते पत्र वाचावं लागायचं. इंग्रजी न येणाऱ्याला बाबा अर्थ सांगत आणि वर ऐकवत, "भाषांतरकार म्हणजे पोस्टमन. पत्र पोचवायचं. आतला मजकूर आवडला नाही म्हणून बदलायचा नाही."

पोस्टमनचं अक्षर मात्र भयंकर होतं. त्यामुळे छापखान्यात जाणारी स्वच्छ प्रत आई लिहायची. छापखान्यातून तपासायला मुद्रितं आली की बाबा ती मोठ्याने वाचायचे आणि आई समोर बसून आपल्या प्रतीशी ताडून बघायची. शाळेची वार्षिकं, गावातल्या मान्यवरांचे गौरवग्रंथ, सगळं या दोघांनी असंच तपासलं. बाबांच्या पुस्तकावर आईचं नाव कुठेही नाही. प्रस्तावनेत आभार आहेत, ते छापखान्याच्या मालकाचे आणि एका ग्रंथपालाचे.

आणि आता कबूल करून टाकते. ते पुस्तक मी कधी वाचलंच नव्हतं. कॉलेजात असताना मैत्रिणींवर छाप पाडायला मी मूळ इंग्रजी कादंबरी वाचली, दोन दिवस रडले आणि विषय संपवला. घरच्या बाईचा स्वयंपाक आणि घरच्या माणसाचं पुस्तक, दोन्ही आपण गृहीत धरतो.

गेली तीस वर्षं मी इंग्लंडात, नॉटिंगहॅममध्ये आहे. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते. बाटलीवरचं लेबल आणि कागदावरचं नाव एका अक्षराने जुळलं नाही तरी मी नमुना परत पाठवते, त्यामुळे वॉर्डातल्या नर्सेस माझ्याबद्दल काय बोलतात ते मला माहीत आहे. बाबांची लाल पेन्सिल दुसऱ्या कोणाकडे गेली असती?

आमच्या भागातल्या लायब्ररीत एक वाचकगट आहे. महिन्यातून एकदा जमायचं, पुस्तकावर दहा मिनिटं बोलायचं आणि बिस्किटं खात उरलेला तासभर कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, नावं ठेवायची. गट चालवणाऱ्या बाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी एकदा सांगितलं की त्या थोर कादंबरीकाराच्या जन्माला शंभर वर्षं होताहेत आणि त्याचं चरित्र लिहिणारी अमेरिकन बाई इंग्लंडात आली आहे, तिचं 'जीवन आणि वारसा' या विषयावर भाषण ठेवू. मी तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ कधी वेळेवर गप्प बसली आहे? "माझ्या वडिलांनी त्याला मराठीत आणलं," मी म्हणाले. मग चौकटीतल्या पत्राचं सांगितलं. मग पोस्टमनचंही सांगितलं.

चार दिवसांत चरित्रकार बाईंची ईमेल आली. त्या कादंबरीकाराने म्हणे पहिला प्रकाशक सोडला होता, कारण प्रकाशकाला ती मुलगी जगवायची होती. त्यामुळे त्यांच्या चरित्रातलं शेवटचं प्रकरण या एका ओळीवरच होतं: जगात कुठल्याही भाषेत कोणीही ती ओळ बदललेली नाही. मराठीचा त्यांना पत्ताच नव्हता. तुमचे वडील म्हणजे या प्रकरणाचा सुंदर शेवट आहेत, असं त्यांनी लिहिलं. कार्यक्रमात मी शेवटचं पान मराठीतून वाचावं आणि मग ते इंग्रजीत सांगावं, अशी विनंती होती.

मी हवेत. लॅबमध्ये दोन चुकीची लेबलं मी त्या दिवशी हसत परत पाठवली.

आई तेव्हा आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आली होती. वय चौऱ्याऐंशी. तिला इंग्रजी सगळं कळतं, पण ती बोलत नाही. बाबांच्या घरात चुकीचं इंग्रजी बोलायची हिंमत कोण करणार? पुस्तकाची प्रत तिच्याच बॅगेत निघाली, नव्या साडीत गुंडाळलेली. कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी, संध्याकाळी, मी स्वयंपाकघरात बसून शेवटचं प्रकरण उघडलं.

पहिली काही पानं झकास होती. बाबांची मराठी, इस्त्री केलेली. शेवटच्या पानाशी मात्र इस्त्री मोडली. सिग्नलवाल्याची बायको उठली, चुलीवर तवा ठेवला आणि ओवा भाजायला लागली.

मी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. ओवाच होता. अमेरिकेतल्या बर्फात, जिथे जवळचं दुकान वीस मैलांवर, तिथे त्या बाईने मूठभर ओवा भाजून फडक्यात बांधला, त्या पुरचुंडीने बाळाची छाती शेकली, तळपायाला तेल चोळलं आणि टाळूवर हात ठेवून बसून राहिली. शेवटची ओळ अशी होती: पहाटे बाळ खोकलं, आणि मग भुकेने रडायला लागलं.

मुलगी जिवंत! बाबांनी, माझ्या बाबांनी, लग्नपत्रिका परत पाठवणाऱ्या माणसाने, शेवटच्या पानाला नुसता हात लावला नव्हता, तर हात घालून ते पार उलटं केलं होतं. आणि वर चाळीस वर्षं ते पत्र भिंतीवर लावून लोकांना चहाआधी वाचायला लावत होते!

आई समोर मेथी निवडत होती. मी पुस्तक तिच्यापुढे आपटलं. "आई, हे काय आहे? बाबांनी शेवट बदललाय!"

तिने काडी मोडली, पानं वेगळी केली. "पुस्तकावर नाव कोणाचंय? त्यांनाच विचार."

"बाबांना जाऊन बारा वर्षं झाली."

"मग आता कशाला उकरतेस?" ती म्हणाली. "हात रिकामे आहेत तर ही दुसरी जुडी घे."

मी माझ्या मुलीला फोन केला. ती इथेच जन्मली, वाढली, आता लंडनजवळ क्रॉयडनला नोकरी करते. ट्रॅममध्ये होती. माझं सगळं रामायण ऐकून म्हणाली, "आई, यू आर ओव्हरथिंकिंग. तिकडे मराठी कोणाला येतो? तू मराठी मराठीत वाच आणि मग इंग्लिशमध्ये ओरिजिनल ओळ म्हणून टाक. आजोबाचा रेप्युटेशन सेफ. जॉब डन."

तिचं मराठी ऐकून बाबांनी पेन्सिल काढली असती. पण सल्ला बिनतोड होता. मी तीन दिवस विचार केला. खरं सांगितलं तर बाबा जगापुढे, आणि छापील चरित्रात कायमचे, लबाड ठरणार होते. ज्या माणसाने आयुष्यभर फक्त बिनचूकपणा मिळवला, त्याचा तेवढाही मी घालवायचा? मी खोटं बोलायचं ठरवलं. ते ठरवल्यावर मला फार हलकं वाटलं, हेही सांगते.

शनिवारी सकाळी अकराला लायब्ररीत चाळीसेक माणसं होती. आई पहिल्या रांगेत. सुती साडी, वर माझ्या नवऱ्याचं फुगीर जॅकेट, पायात पळायचे बूट आणि मांडीवर पर्स, जी ती इथल्या चोरांना घाबरून कधीच खाली ठेवत नाही.

चरित्रकार बाई उंच होत्या आणि छान बोलल्या. त्या कादंबरीकाराने तीन बायका कशा गमावल्या, बक्षिसं घ्यायला तो कसा कधीच गेला नाही, थंडीत गॅरेजमध्ये हातमोजे घालून कसं लिहायचा, चाहत्यांची पत्रं न उघडता कशी परत करायचा. ऐकून मला वाटलं, असला माणूस आमच्या शेजारी राहिला असता तर बाबांचं आणि त्याचं एक तर सख्य झालं असतं, नाही तर कोर्टकचेरी.

मग शेवटच्या पानाचं वाचन. आधी भूगोलाच्या बाईंनी मूळ इंग्रजी वाचलं. मग बेकरीत काम करणाऱ्या एका पोलिश बाईंनी पोलिशमध्ये, मग एका इटालियन आजोबांनी इटालियनमध्ये. दोघांनीही वाचून झाल्यावर इंग्रजी अर्थ सांगितला. प्रत्येक वेळी खोकला थांबला. माझी पाळी येईपर्यंत ते पोर तीन भाषांत गेलं होतं आणि सभागृहात नाकं पुसली जात होती.

मी उभी राहिले आणि मराठी पान वाचलं. तवा, ओवा, पुरचुंडी, टाळू, सगळं. शेवटी बाळ भुकेने रडलं. चरित्रकार बाईंनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "किती करुण भाषा आहे." आई मात्र खूष होऊन मान डोलावत होती.

मग मी घसा साफ केला आणि इंग्रजीत सांगितलं की खोकला थांबला.

"नो," आई म्हणाली.

मला वाटलं, मला भास झाला. पण ती खुर्चीचा हात धरून उठत होती. "नो. द बेबी इज ओके." आयुष्यात पहिल्यांदा ती चारचौघांत इंग्रजी बोलली, आणि एकही चूक नव्हती.

चाळीस माणसं माझ्याकडे बघायला लागली. आई मला मराठीत म्हणाली, "ह्यांचं नाव वाचवायला खोटं बोलतेस होय? त्यांनी नाही बदललं. मी बदललं. सांग त्यांना."

त्या क्षणी मला ओवा समजला. बाबांना आमच्या घरात मीठ कुठे असतं हे ठाऊक नव्हतं, ते ओवा भाजणार? इतक्या वाचकांतल्या एकाच्याही हे लक्षात आलं नाही, आणि माझ्याही नाही, मी तर मुलगी.

आई बोलत गेली आणि मी इंग्रजीत सांगत गेले. एकेक वाक्य, जसंच्या तसं. दुसरा इलाजच नव्हता, ती मध्येमध्ये थांबून माझं इंग्रजी ऐकत होती.

ती म्हणाली, सातव्या महिन्यात ती बाळंतपणासाठी माहेरी कराडला गेली, तेव्हा शेवटचं प्रकरण सोबत नेलं होतं. छापखान्याची घाई होती. तिथूनच प्रत लिहून परस्पर पाठवायची होती. शेवटच्या पानाशी आली आणि हात चालेना. "पोटुशी बाई असलं लिहीत नाही," ती म्हणाली. हे मी सांगितलं. हॉलमध्ये जरा हसू झालं.

मग ती म्हणाली, "हिच्या आधीची गेली. आठ महिन्यांची होती. खोकला थांबला म्हणजे काय, ते मला अमेरिकेतून लिहून यायची गरज नव्हती."

हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. मला हे माहीत होतं आणि नव्हतंही. कपाटातल्या स्टीलच्या डब्यात चांदीचे दोन इवलेसे वाळे असायचे, ते माझे नाहीत एवढं मला लहानपणापासून कळत होतं. त्यापुढे आमच्या घरात कोणी कधी गेलं नाही. मला रडू आलं, आणि राग आला, तो कोणाचा ते कळेना. आई माझ्याकडे बघत थांबली होती. मी सांगितलं. कोणी हसलं नाही.

"आणि तुमचे यजमान?" चरित्रकार बाईंनी हळू विचारलं. "त्यांना कळलं?"

"मुद्रितं त्यांनीच वाचली की," आई म्हणाली. "मी बाळंतपणाहून परत आले होते, ही तीन महिन्यांची, माझ्या मांडीवर. हे मोठ्याने वाचत होते, मी ताडून बघत होते. तव्यापाशी आले आणि थांबले. मला वाटलं, आता पुस्तक डोक्यात घालतात. माझ्याकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं. उठून पाणी प्यायले. मग ते पान पहिल्यापासून पुन्हा वाचलं, सावकाश. आणि खाली सही करून लिहिलं, छापावे."

"काही बोलले नाहीत?"

"बोलले ना. आपल्याकडे ओवा कुठे असतो, विचारलं. हिला सर्दी झाली होती."

मी हे कसं सांगितलं ते मला आठवत नाही. सांगितलं एवढं खरं, कारण चरित्रकार बाई टिपत होत्या. पुढे आईने असंही सांगितलं की ते पत्र बाबांनी चौकटीत घातलं ते पुस्तक छापून आल्यावर, आधी नाही. आता ते प्रायश्चित्त होतं की चोराच्या उलट्या बोंबा, हे मला ठरवता येत नाही. रोज उदबत्ती लावत होते म्हणजे प्रायश्चित्तच असावं.

मग भूगोलाच्या बाई उठल्या. "खरं सांगायचं तर," त्या म्हणाल्या, "मला तो शेवट कधीच सहन झालेला नाही." मागून कोणीतरी म्हणालं, मलाही नाही. पोलिश बाई म्हणाल्या, त्यांच्या आजीने ते पान पुस्तकातून फाडूनच टाकलं होतं. इटालियन आजोबांनी आईला विचारलं, ती पुरचुंडी नक्की किती गरम असावी. एका बाईंना ओवा कुठल्या दुकानात मिळतो ते हवं होतं. तो थोर कादंबरीकार, त्याच्या तीन बायका आणि न उघडलेली पत्रं बाजूला राहिली, आणि लायब्ररीभर छाती कशी शेकायची याची चर्चा सुरू झाली. बाबांना कोणी लबाड म्हटलं नाही. मी तीन दिवस कोणासाठी झोप घालवली होती कोण जाणे.

चरित्रकार बाई आईसमोर गुडघ्यावर बसल्या. आता शेवटचं प्रकरण नव्याने लिहावं लागेल, असं म्हणाल्या, पण चिडलेल्या दिसल्या नाहीत. त्यांनी आईचं नाव विचारून घेतलं, दोनदा, आणि वहीत लिहिलं. त्या पुस्तकाच्या संदर्भात ते पहिल्यांदाच कोणीतरी लिहीत होतं. मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला: त्या बाळाचं पुढे काय झालं?

त्यांना कादंबरीतलं बाळ म्हणायचं होतं की मांडीवरचं, मला कळलं नाही. आईला त्यात काही फरक वाटला नसावा. तिने पर्स नीट केली, माझ्याकडे हनुवटी उडवली आणि म्हणाली, "सांग त्यांना, बाळ जगलं. आणि जगून काय दिवे लावले, ते ही समोर उभीच आहे, भर सभेत खोटं बोलत."

चाळीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. पहिलं वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं. दुसरं गाळलं.